पाव तास पुढं

आमच्या घरातलं घड्याळ कधीच बरोबर नव्हतं, आणि ते बरोबर असावं असं घरात कुणाला वाटतही नव्हतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते शहरातल्या गुलमंडीतल्या एका दुकानातून आणलं तेव्हा दुकानदारानं काटे अगदी नीट जुळवून दिले होते. एसटीत मांडीवर घेऊन, खड्डा आला की दोन्ही हातांनी वर उचलून धरत, आबांनी ते पैठण रस्त्यानं गावापर्यंत सांभाळून आणलं. ओसरीच्या भिंतीला खिळा ठोकला, घड्याळ टांगलं, दोन पावलं मागं सरून कौतुकानं बघितलं. तेवढ्यात माझी माय ज्वारीच्या पोत्यावर पाय देऊन वर चढली, काच उघडली आणि मोठा काटा बोटानं पाव तास पुढं सारून खाली उतरली. मायचं म्हणणं, कंपनीचं गेट काही तुमची वाट बघत उघडं राहणार नाही, तेव्हा घड्याळानं माणसाच्या आधी निघालं पाहिजे. झालं. त्या दिवशी ते घड्याळ पाव तास पुढं गेलं ते गेलंच.

आता यातली गंमत अशी, की ते पुढं आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आबा पहाटे उठून घड्याळाकडं बघायचे, मनातल्या मनात पाव तास कापायचे आणि पुन्हा घोंगडं तोंडावर ओढून घ्यायचे. मग ते पुढं ठेवण्याचा फायदा काय, असं मी एकदा मायला विचारलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "असू दे. डब्यात पीठ असतंय तसा घरात थोडा येळ शिल्लक असावा." आमचं गाव चितेगावच्या अलीकडं, रस्त्याला लागून. तिथल्या कारखान्याचा भोंगा आमच्या ओसरीत स्वच्छ ऐकू यायचा. भोंगा झाला की माय हातातलं काम टाकून घड्याळ ताडून बघायची. थंडीत ते जरा सुस्तावायचं. मग तिचा आवाज घरभर घुमायचा, "अगं बया, घड्याळ मागं पडलं की. धाच मिनिटं पुढं हाय." आणि ती पुन्हा पोत्यावर चढायची. घड्याळाला हात लावायचा हक्क फक्त तिचा. आम्हा लेकरांनी नुसतं त्याच्याकडं बोट केलं तरी ती डोळे वटारायची.

आबांच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या मेंढरं वळायचं काम. त्यांचे दोन भाऊ अजून कळप घेऊन हिंडत होते, पण आबा चितेगावच्या एका कारखान्यात गेटवर लागले होते. खाकी कपडे आणि त्यावर पागोटं, असा त्यांचा थाट. टोपी घाला म्हणून साहेबानं पुष्कळ सांगून बघितलं, मग दमला बिचारा. मेंढरं गेली तरी दारात चार शेळ्या होत्या. त्यांच्या गळ्यातली घुंगरं, शेजारच्या रफीकच्या अब्बांच्या शिलाई मशीनची खडखड आणि भिंतीवरची टिकटिक, या तिन्ही आवाजांशिवाय मला घर आठवताच येत नाही. संध्याकाळी चुलीवर येसराची आमटी उकळायला लागली की त्या वासानं सगळी गल्ली जागी व्हायची. गल्लीत दुसरं घड्याळ नव्हतं. ज्याला वेळ पाहिजे तो आमच्या ओसरीसमोर यायचा, मान वर करायचा, पाव तास कापायचा आणि पुढं चालू लागायचा. कुणी कुणाला सांगावं लागत नव्हतं. दाराशी येताना चप्पल काढतात तितकं ते अंगवळणी पडलं होतं.

आबांची थोरली बहीण, भागूआत्या, अजिंठ्याकडं दिलेली. ती वर्षातून एकदा यायची ती महिनाभर राहायची, आणि येताना हात हलवत कधी आली नाही. एके साली सीताफळं आणली, एके साली करडू आणलं, आणि मी बारावी झाले त्या साली माझ्यासाठी स्थळ आणलं. मुलगा अजिंठ्याकडचाच, मोठा कळप, शिवाय जमीन. पाहुणे मला बघायला आले. मी पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले, पहिली बशी मुलाच्या वडिलांपुढं धरली, आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. येस्टी गेली की, म्हणत ते ताडकन उठले. त्यांच्याबरोबर सगळेच उठले, चपलांची शोधाशोध सुरू झाली. कुणाची चप्पल कुणाच्या पायात गेली. माय आतून पदर खोचत धावत आली आणि घड्याळ पुढं आहे, बसा, असं तीनतीनदा सांगून तिनं सगळ्यांना खाली बसवलं. पोहे गार होत होते. जरा वेळानं मुलानं पहिल्यांदाच तोंड उघडलं. म्हणाला, किती पुढं? पाव तास, असं कळल्यावर तो जो गप्प झाला तो जाईपर्यंत. मला आजही वाटतं, माणूस काही वाईट नव्हता. प्रश्न मुद्द्याचाच विचारला होता.

मी त्यांना पसंत पडले. आणि त्याच आठवड्यात शहरातल्या कॉलेजात डी.एड.ला माझा नंबर लागला. दोन वर्षं वसतिगृहात राहायचं आणि शिक्षिका व्हायचं. मला दुसरं काही नको होतं. इतकं नको होतं की जेवण गोड लागेना. भागूआत्याला हे अजिबात पटलं नाही. पोरीनं बारावी केली तीच जास्त झाली, आता बाई होऊन कुणाला छड्या मारायच्या आहेत, असं ती शेळीची धार काढता काढता रोज एकदा म्हणायची. पाहुण्यांना होय की नाही ते लवकर कळवायचं होतं, कॉलेजलाही कळवायचं होतं, आणि आबा ओसरीवर बसून नुसती तंबाखू मळत होते.

मी मात्र बारावीची परीक्षा झाल्यापासूनच बाई झाले होते. तेव्हा गावच्या शाळेत पाचवीपासून इंग्रजी सुरू व्हायचं, आणि पाचवीत जाणारी पोरं आधीपासूनच भेदरलेली असायची. त्यांच्या आयांनी त्यांना माझ्याकडं आणून सोडलं. दुपारच्या चहानंतर ओसरीवर दहाबारा पोरं बसायची. त्यात पहिल्या रांगेत शिंप्याचा रफीक, आणि त्याच्या शेजारी जनी. जनी म्हणजे आमच्या मागच्या घरातली, दोन वेण्या, एक वेणी कायम सुटलेली, आणि तोंड कायम चालू. दिवसभर शेळ्या राखून यायची, त्यामुळं पोरांना एका जागी बसवायचं कामही तीच करायची. मी फक्त शिकवायचं.

एबीसीडी झाली, फळं झाली, रंग झाले. पण माझा जीव जडला तो वेळ सांगायच्या धड्यावर. कारण असं, की सगळ्या इंग्रजीत तेवढा एकच भाग मला आपला वाटला. क्वार्टर पास्ट म्हणजे सव्वा. हाफ पास्ट म्हणजे साडे. क्वार्टर टू म्हणजे पावणे. अरे, हा इंग्रज आपल्यासारखाच बोलतो की, असं मला झालं होतं. पोरांनाही ते चटकन उमगलं. ओ क्लॉक म्हणजे काय ते मात्र मलाच ठाऊक नव्हतं. मी ठोकून दिलं, ओ क्लॉक म्हणजे बरोब्बर. रफीकनं घरी जाऊन अब्बांना "सदरा ओ क्लॉक बैठा" असं सांगितल्याचं नंतर कळलं. जनीचं भांडण वेगळंच होतं. हाफ पास्ट वन म्हणजे साडेएक, आणि साडेएक कुठं असतंय, दीड असतंय, असं ती म्हणायची. हाफ पास्ट टू म्हणजे साडेदोन, तेही नसतंय, अडीच असतंय. मी तिला सांगितलं की इंग्रजाला दीड आणि अडीच माहीत नाहीत. तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. तिला त्या लोकांची खरोखर कीव आली होती.

काटे फिरवून दाखवायची सोय नव्हती, कारण घड्याळाला हात लावायचा नाही. मग मी काय करायचे, मधूनच शिकवणं थांबवून भिंतीकडं बोट करायचे आणि विचारायचे, किती वाजले? पोरं एका सुरात इंग्रजीत सांगायची. मोठा काटा माथ्यावर बाराशी आला, लहान काटा पाचावर, की पोरं ओरडायची, क्वार्टर टू फाइव्ह. शाब्बास. काटा तिनावर गेला की फाइव्ह ओ क्लॉक. शाब्बास. एकही पोर चुकत नव्हतं आणि मी फुशारून जात होते. वाचकांच्या लक्षात आलंच असेल, पण माझ्या आलं नाही. माझ्याच काय, घरातल्या कुणाच्याही आलं नसतं. त्या घड्याळात पाच वाजलेले दिसले की माझ्या डोळ्यांना ते पावणेपाचच दिसायचे. वर्षानुवर्षं तसंच बघत आले होते.

माझी नात आता शहरात आमच्याजवळच राहते. तिच्या हातातल्या फोनवर आकडे असतात, काटे नसतातच. ती सरळ फाइव्ह फोर्टी-फाइव्ह म्हणते आणि मोकळी होते. परवा मी तिला म्हटलं, पावणेसहाला निघू. तर मला विचारते, आजी, पावणेसहा म्हणजे सहाच्या आधी की नंतर? मी म्हटलं, क्वार्टर टू सिक्स गं. तर तेही तिला कळेना. दोन्हीकडून गेलीस बाई, म्हटलं. आयुष्यभर मी पोरांना एकच वेळ तीन तऱ्हांनी सांगायला शिकवलं, फाइव्ह फोर्टी-फाइव्ह, क्वार्टर टू सिक्स, फिफ्टीन मिनिट्स टू सिक्स, आणि घरातच ही तऱ्हा. शिवाय या मोबाइलला पुढं सारता येत नाही, हा त्याच्यातला मोठा दोष आहे. पण मी भरकटले.

तर आबा तंबाखू मळत होते. एके सकाळी त्यांचं ठरलं. मला समोर बसवून म्हणाले, मेंढा विकत घ्यायचा आणि आपल्या नजरेवर भरवसा नसला तर दुसऱ्या जाणत्या माणसाला दाखवायचा, अशी आपली रीत आहे. तुला शिकवता येतं का नाही हे मला कळत नाही, इंग्रजी तर मुळीच कळत नाही. चितेगावला कंपनीतल्या साहेबांच्या मुलांची शाळा आहे, तिथल्या मोठ्या बाईंना मी विचारतो. त्यांनी तुझं शिकवणं बघायचं. त्या म्हणाल्या, येतंय, तर शहराला जा. त्या म्हणाल्या, नाय येत, तर आत्याच्या पाव्हण्यांना होकार. बोल, कबूल? मी कबूल म्हटलं. न म्हणून करते काय? मला मेंढ्याच्या रांगेत बसवलं याचा राग आला होता, पण भीती त्याहून मोठी होती.

आबा ड्यूटी संपल्यावर खाकी कपड्यांतच त्या शाळेत गेले आणि मोठ्या बाईंना म्हणाले, पोरगी दाखवायची आहे. बाईंनी नंतर मला हसत सांगितलं, की आपल्या भावासाठी हा कुणी स्थळ घेऊन आलाय असं त्यांना वाटलं होतं, आणि त्यांनी पत्रिकाही विचारली. घोळ निस्तरल्यावर त्या म्हणाल्या, येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर तिला घेऊन या, आणि तिची पोरंही आणा, म्हणजे तिनं काय शिकवलंय ते दिसेल. मी लगेच ठरवलं. वेळेचाच धडा.

शनिवारी आमची दिंडी निघावी तसे आम्ही निघालो. पोरांच्या केसांतून तेल ओघळत होतं. रफीकच्या अब्बांनी त्याला नवा सदरा शिवला होता. जनीनं करडू बरोबर न्यायचा हट्ट धरला होता, तो आबांनी मोडला. आत्यानं जाताना एवढंच विचारलं, की इंग्रजीत येळ सांगितल्यावर शेळ्या जास्त दूध देतात का. शाळा लहान होती पण फरशी इतकी स्वच्छ, की पोरं भिंतीला धरून चालू लागली. मोठ्या बाई उंच, चष्मा, सुती साडी, कपाळाला आठी. आबा वर्गात यायला तयार होईनात. आत येऊन मला काय उमगणार, म्हणून ते बाहेर खिडकीखालच्या पायरीवर बसले. मला त्यांचं पागोटं तेवढं दिसत होतं.

बाईंनी कपाटातून पुठ्ठ्याचं मोठं घड्याळ काढलं. त्याचे काटे हातानं फिरायचे. मी तसलं घड्याळ जन्मात पाहिलं नव्हतं. हरखूनच गेले. बाईंनी मोठा काटा माथ्यावर नेला, लहान काटा तिनावर ठेवला आणि विचारलं, "व्हॉट इज द टाइम?" माझी सगळी पोरं गरजली, "इट इज क्वार्टर टू थ्री!" मी मान ताठ करून बाईंकडं बघितलं. बाईंच्या कपाळावर दुसरी आठी आली. त्यांनी काटे फिरवून साडेसहा केले. पोरं म्हणाली, क्वार्टर पास्ट सिक्स. बाईंनी आणखी फिरवलं, सव्वाआठ केले. पोरं म्हणाली, एट ओ क्लॉक. प्रत्येक वेळी एकसाथ, प्रत्येक वेळी छाती काढून. बाईंनी घड्याळ उलटं करून मागून बघितलं, पुन्हा सुलटं केलं आणि मला विचारलं, यांना कुणी शिकवलं? मी शिकवलं, असं मी अभिमानानं म्हणाले. कारण खरं सांगते, मलाही तोवर त्यांचं एकही उत्तर चुकलेलं वाटत नव्हतं.

मग बाईंनी काटे पुन्हा तिनावर आणले आणि हळूच मराठीत म्हणाल्या, हे तीन वाजलेत ना गं? मी बघितलं. मोठा काटा बाराशी, लहान तिनाशी. तीन. लख्ख तीन. कॉलेज गेलं, शहर गेलं, आणि समोर अजिंठ्याचा रस्ता दिसायला लागला. बाईंनी पहिल्या रांगेतल्या जनीलाच उभं केलं आणि घड्याळात किती वाजलेत ते विचारलं.

"घड्याळात तीन," जनी म्हणाली. "पण वाजलेत पावणेतीन."

"असं कसं गं?"

जनीनं बाईंकडं अशा नजरेनं बघितलं, की एवढी मोठी बाई आणि हिला एवढं कळू नये. "घड्याळ पुढं असतंय की, बाई. पुढं नसलं तर मानसं कामाला कशी जातील?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं, ओसरी, माय, पोतं, भोंगा. ऐकता ऐकता बाईंच्या दोन्ही आठ्या गेल्या. आधी त्यांनी पदर तोंडाला लावला. मग चष्मा काढला. मग खुर्चीच्या पाठीला धरून त्या अशा हसल्या, की शेजारच्या वर्गातून आणखी दोन शिक्षिका काय झालं म्हणून आल्या, आणि त्यांना सांगितल्यावर त्याही हसायला लागल्या. बाई हसतायत म्हणून पोरंही हसली. सगळा वर्ग हसत होता आणि मी एकटी मधोमध उभी. खिडकीकडं नजर गेली तर पागोटं तिथं नव्हतं.

हसू ओसरल्यावर बाई म्हणाल्या, बरं, आता दुरुस्त कर. इथंच, माझ्यासमोर. मी पोरांना म्हटलं, हे घड्याळ पुढं नाही. कुणाचाच विश्वास बसेना. पुढं नाही असं घड्याळ त्यांनी बघितलंच नव्हतं. रफीकनं बारकाईनं बघून सांगितलं, "आपा, ये तो चलतीच नै. आगे कैसे जाएगी?" पण जनी ऐकेना. बंद पडायच्या आधी पुढं केलं असेल, असं तिचं म्हणणं. मग मला एकदम सुचलं. मी ते घड्याळ हातात घेतलं. तीन वाजलेले होते. मी पोरांना विचारलं, यातला पाव तास रोज कोण कापतं? आम्ही, असं पोरं म्हणाली. मी म्हटलं, आज तुमच्या वाटचा मी कापते. आणि सगळ्यांच्या देखत मोठा काटा धरून मागं नेला, माथ्यावरून नवावर. "पाव तास मी काढून घेतला. आता तुम्ही कापायचा नाही. जसं दिसतंय तसं सांगायचं." पोरं काट्याकडं बघत राहिली. जनीनं मला शपथ घालून विचारलं, पुन्हा पुढं सारणार नाय ना? नाही म्हटलं. मग मी काटे चारवर नेले. फोर ओ क्लॉक. साडेचार. हाफ पास्ट फोर. सव्वासहा, पावणेनऊ, दीडसुद्धा. एकही चुकलं नाही. घड्याळाला हात लावून शिकवायचं सुख मला त्या दिवशी पहिल्यांदा मिळालं, आणि ते मला फार आवडलं.

मोठ्या बाई माझ्याजवळ आल्या. चूक सगळेच करतात, पण कुठं चुकलं ते ओळखून पोरांना उमजेल असं सुधारता येणं सोपं नाही, तू नक्की जा शिकायला, असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. वडिलांना आत बोलाव म्हणाल्या, त्यांच्यासाठी चहा सांगितला. मी पळतच बाहेर आले.

आबा पायरीवर नव्हते. पार फाटकाशी उभे होते, पाठ फिरवून. मी हाक मारली तर वळले आणि मला त्यांचा चेहरा दिसला. लालबुंद. खिडकीतून आलेलं सगळ्यांचं हसणं त्यांनी ऐकलं होतं आणि तिथं त्यांना बसवलं नव्हतं. पोरांना बोलाव, एवढंच म्हणाले आणि चालू लागले. बाई, चहा, असं काहीतरी मी म्हणाले. त्यांनी हातानंच गप्प केलं. बाईंचा चहा तसाच राहिला. मी पोरांना गोळा करून पळत पळत त्यांच्या मागं. मेंढरांमागं चाललेल्या माणसाची ती चाल, आम्हाला कुठली झेपते? रस्त्यानं ट्रक जात होते, धूळ उडत होती. गावाच्या वळणाशी एक बाभळ होती, तिथं ते थांबले. माझ्याकडं न बघता बोलायला लागले.

"हसले तर हसू दे. तुला शिकवता येत नाय म्हणले ना ते? बरं. येत नाय म्हणूनच तर शिकायला जायाचं असतंय. ज्याला येतंय त्यानं कशाला जावं? मीच येडा, उलटं बोलून बसलो. इमल, तू शहराला जा. आत्याच्या पाव्हण्यांचं मी बघतो."

घरात आबा मला विमल कधी म्हणालेच नाहीत, इमलच. मला रडू आवरेना. धुळीत उभी राहून मी हमसून हमसून रडले आणि ते आणखीच गोंधळले. मग पदरानं नाक पुसून मी सांगितलं, "आबा, बाई नाय म्हणल्या नाहीत. व्हय म्हणल्या. म्हणल्या, तू नक्की जा."

"मंग हसत का होत्या?"

मी सांगितलं. घड्याळाचं ऐकताना त्यांच्या मिशा हलायला लागल्या, पण मायच्या माघारी तिच्यावर हसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी पागोटं काढलं, झटकलं, पुन्हा नीट बसवलं. मागं राहिलेली पोरं तोवर येऊन पोचली होती. आबा थोडं अंतर चालले आणि मग म्हणाले, "म्हणू दे. मी आधी म्हणलो."

घरी पोचलो तर आत्या दारातच उभी. बाई काय म्हणल्या, असं तिनं विचारलं. बाईचं काय विचारती, मी जा म्हणलोय, असं म्हणून आबा पाय धुवायला गेले. पुढं मी नोकरीला लागले, शहरात घर केलं, आबा थकले, आणि तरी कुणी विचारलं की ते हेच सांगायचे. इमलला मीच पाठवली. मोठ्या बाईंचं नाव त्यांनी कधी निघू दिलं नाही. बाई आधी म्हणाल्या होत्या हे मला पक्कं ठाऊक होतं, पण मी एकदाही त्यांना खोडून काढलं नाही. बाईंनी होकार दिला तो माझं शिकवणं बघून. आबांनी दिला तेव्हा त्यांच्या लेखी मी सगळ्यांसमोर हसं झालेली, नापास झालेली पोर होते, आणि तरीही ते म्हणाले होते, जा.